निस्तार ते रिचार्ज

घरातली चूल कशावर पेटते हा राज्यकर्त्यांनी विचारात घेण्याजोगा विषय आहे, ही कल्पना सिलिंडरच्या जाहिराती पाहणाऱ्या आजच्या वाचकाला फार तर आठ-दहा वर्षांपूर्वीची वाटेल; परंतु जुन्या मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या, महसुली दप्तरांत डोकावले तर असे दिसते की, ज्या काळी या मुलखात आगगाडी पोहोचली नव्हती आणि विजेचे नावही कोणाच्या कानावर नव्हते, त्या काळीच रयतेच्या सरपणाचा विचार सरकारी कागदांत होऊ लागला होता. मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ च्या सुमारास या जिल्ह्याचा बंदोबस्त केला. त्या व त्यापुढच्या बंदोबस्तांत जमिनीच्या साऱ्याबरोबर गावाच्या वहिवाटीही ‘वाजिब-उल-अर्ज’ या फारसी नावाच्या कागदात नोंदण्याचा मध्यप्रांताचा रिवाज होता. चुलीसाठी सरपण, घर शाकारण्यासाठी गवत, कुडासाठी बांबू, नांगराच्या इसाडासाठी लाकूड, कुंपणासाठी काट्या आणि जनावरांसाठी चराई, या साऱ्या गरजा गावाला जवळच्या जंगलातून कोणत्या अटींवर भागवता येतील याची ती नोंद असे. आणि या हक्कांना एकत्रित नाव होते निस्तार.

निस्तार हा दानधर्म नव्हता, तसेच त्याचे रामराज्य म्हणून वर्णन करणेही इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. अहेरी, खुटगाव, मुरुमगाव, झाडापापडा अशा जमीनदाऱ्यांच्या आणि मालगुजारांच्या अंमलात सरपणाच्या बदल्यात वेठबिगार घेतली जाई, आणि सरकारने राखीव केलेल्या जंगलात पाय ठेवणे हा अपराध ठरे. तरीही या व्यवस्थेत एक गुण होता, ज्याच्याकडे आजच्या योजनाकर्त्यांनी निरखून पाहावे असे मला वाटते. घराची गरज ही दर हंगामाला नव्याने उत्पन्न होणारी गोष्ट आहे, आज भागवली म्हणून ती पुढच्या आषाढात पुन्हा उभी राहत नाही असे नाही, हे त्या नोंदीत गृहीत धरलेले होते. एकदा जंगल दाखवून दिले की आमचे काम संपले, अशी भूमिका त्यात नव्हती.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली, जंगले सरकारजमा झाली, आणि निस्ताराची जबाबदारी जमीनदाराकडून जिल्हाधिकाऱ्याकडे आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, कलम १६१ मध्ये प्रत्येक गावासाठी निस्तारपत्रक करण्याची तरतूद आहे. त्या पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करावा, रहिवाशांची इच्छा जाणून घ्यावी आणि मगच तो कायम करावा, असे ते कलम सांगते. सरकारी योजनेचा मसुदा गावकऱ्यांपुढे आधी वाचला जावा, ही अपेक्षा साठ वर्षांपूर्वीच्या कायद्याने लिहून ठेवावी आणि त्यानंतरच्या बहुतेक योजनांनी ती सोयीस्करपणे विसरावी, यातला विरोधाभास कोणाला खटकल्याचे फारसे आढळत नाही.

व्यवहारात निस्ताराचे स्वरूप आकसत गेले. वनखात्याच्या निस्तार डेपोवर जळाऊ लाकडाचे ‘बीट’ रचून ठेवलेले असते, आणि ते सवलतीच्या दराने गावकऱ्यांना मिळावे अशी योजना असते. घरात लग्न असो वा मयत, बीट मिळाले की नाही हा या भागातला नित्याचा प्रश्न आहे. पावसाळ्याच्या तोंडावर डेपो रिकामे असल्याच्या तक्रारी स्थानिक वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येतात. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत ‘निस्तार’ हा शब्द नावानिशी घातला, आणि गौण वनोपजांच्या यादीत बांबू, तेंदूबरोबर झुडुपी काटक्या आणि बुंधेही घेतले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा देशभरातून लोक ते गाव पाहायला गेले. बांबूचा पैसा हा त्या कथेचा डोळ्यांत भरणारा भाग होता. त्यामागचा कमी बोलला गेलेला भाग असा की, आपल्या जंगलातून कोणी काय आणि किती आणावे याचा निर्णय सर्वसहमतीने गावातच होऊ लागला, आणि चुलीचा प्रश्न खात्याच्या मर्जीतून सुटून गावाच्या विचारात आला.

पण चूल पेटवण्याची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. मोळी आणायला पहाटे निघालेल्या बाईचा अर्धा दिवस जातो. ओल्या लाकडाचा धूर तिच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. आणि सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी, चिमूर या पट्ट्यात तिला वाघाचे भय असते. ताडोबा-अंधारीच्या भोवतालच्या जंगलांत वाघांची संख्या वाढली, ही देशाच्या अभिमानाची वार्ता झाली. पण सरपण, मोहफुले आणि तेंदूपाने यांसाठी त्याच जंगलात रोज वाकून काम करणाऱ्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या दर उन्हाळ्यात त्या अभिमानाच्या शेजारीच छापल्या जातात. म्हणूनच वनखात्याने २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांतील कुटुंबांना सवलतीत गॅस देण्यास आरंभ केला. इंधनाची मदत ही येथे वन्यजीव संरक्षणाचीही तजवीज होती. उज्ज्वला योजना त्यानंतर आली, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात ठेवत नाही.

उज्ज्वलेचा आरंभ १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे झाला, आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका स्त्रीच्या हाती देण्यात आली. इतक्या अल्पावधीत इतक्या घरांत गॅस पोहोचवणे हे शासनव्यवस्थेच्या दृष्टीने असामान्य काम होते, हे मान्य करण्यात कृपणता दाखवण्याचे कारण नाही. सरकार प्रत्येक जोडणीमागे १,६०० रुपये देत असे. शेगडी आणि पहिली टाकी घ्यायची तर तेल कंपनीकडून कर्ज मिळे, आणि ते पुढच्या टाक्यांवरील अनुदानातून वळते केले जाई. परिणामी ज्या बाईला पहिल्या वर्षी अनुदानाची सर्वांत अधिक निकड होती, तिच्या खात्यात ते अनुदान येतच नसे. २०२१ मध्ये उज्ज्वलेचा दुसरा टप्पा आला तेव्हा शेगडी आणि पहिली टाकी मोफत करून हा दोष दूर करण्यात आला.

दुसरा दोष मात्र अधिक खोलवरचा आहे. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा म्हटले तर वर्षाला सुमारे सात-आठ टाक्या लागतात. सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे उज्ज्वलेच्या लाभार्थींनी २०१९-२० मध्ये सरासरी ३.०१ टाक्या घेतल्या, आणि २०२३-२४ मध्ये ३.९५. म्हणजे गॅस आला, पण चूल विझली नाही. पाहुण्यांचा चहा, लेकराचे दूध, आजाऱ्याची पेज यांसाठी शेगडी, आणि भाताचे मोठे भांडे चुलीवर, अशी वाटणी झाली. तिला मागासलेपणाची सवय म्हणणारे लोक शहरात पुष्कळ भेटतात. वास्तविक त्या घरच्या बाईचा हिशेब अगदी काटेकोर असतो. टाकी घ्यायची म्हणजे पूर्ण किंमत एकरकमी आधी मोजायची आणि अनुदान मागाहून खात्यात येण्याची वाट पाहायची. या मुलखात रोख पैसा हाती येतो तो मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात, म्हणजे चैत्र-वैशाखात. धानाचा पैसा येतो दिवाळीनंतर. सरपण ओले होते, नाले भरतात आणि गॅसची खरी गरज लागते ती आषाढ-श्रावणात, जेव्हा घरात दमडी नसते. मदतीचे वेळापत्रक जर गरजेच्या वेळापत्रकाशी जुळले नाही, तर उदार मदतही अपुरी पडते.

मे २०२० नंतर जवळजवळ दोन वर्षे घरगुती गॅसवरील अनुदान देशातील बहुतेक ग्राहकांसाठी शून्यवत झाले होते. मे २०२२ मध्ये केवळ उज्ज्वलेच्या ग्राहकांसाठी दर टाकीमागे २०० रुपये देण्याचे ठरले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले. त्यावर महाराष्ट्र सरकारने ३० जुलै २०२४ च्या निर्णयाने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली आणि पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या भरून देण्याचे ठरवले. केंद्राच्या ३०० रुपयांवर राज्याने सरासरी ५३० रुपयांचा भार उचलायचा, असा तो हिशेब होता. जोडणीची मदत आणि भरण्याची मदत यांतला भेद या योजनेला कळला, हे तिचे श्रेय होय. मात्र येथेही पैसे आधी भरून मागाहून खात्यात घेण्याची पद्धत राहिली, आणि ज्याच्या घरी आधी भरायला पैसे नाहीत तो मोफत टाकीपासूनही दूर राहिला.

यात अंतराचा प्रश्न निराळाच. तेल कंपन्यांच्या वितरकांचा एक वर्ग ‘दुर्गम क्षेत्रीय वितरक’ या नावाने डोंगराळ आणि वनप्रदेशासाठी मुद्दाम निर्माण केला गेला आहे. परंतु भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील आतल्या पाड्यापर्यंत गाडी जात नाही, ती रस्त्याच्या एका ठरलेल्या ठिकाणी येते. तिथून भरलेली टाकी, म्हणजे १४.२ किलो गॅस आणि तेवढेच, किंबहुना अधिक, लोखंड, सायकलवर किंवा खांद्यावर न्यावी लागते. उज्ज्वलेच्या ग्राहकाला मोठ्या टाकीऐवजी पाच किलोची लहान टाकी घेता येते, ही तरतूद अशा घरांसाठी वरदान ठरावी अशी आहे, कारण ती उचलायलाही हलकी आणि एका वेळी मोजायच्या रकमेलाही हलकी. पण ती मागायची असते, हेच कित्येकांना कोणी सांगितलेले नाही. रेशनच्या घासलेटाची तर आता आठवणच राहिली आहे. शिधापत्रिकेवर गॅसचा शिक्का पडला की घासलेट कमी होई. पुढे त्याचा दर थोडाथोडा वाढवत नेऊन २०२० पर्यंत त्यावरील अनुदान संपवण्यात आले. धुराच्या आणि भेसळीच्या दृष्टीने ते गेले हे बरे झाले. पण ते चार लिटर दर महिन्याला मिळत असे, एकदाच नव्हे.

विजेच्या बाबतीत चंद्रपूरचे दैव विलक्षण आहे. दुर्गापूर येथील औष्णिक केंद्रातला पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच निवृत्त झाल्यावरही आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा भोवतालच्या खाणींतला, पाणी इरई धरणाचे, राख आणि धूर याच जिल्ह्याच्या वाट्याचा, आणि वीज साऱ्या राज्याची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये केलेल्या पाहणीत चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या पंक्तीत फार वर होते. या पार्श्वभूमीवर किशोर जोरगेवार यांनी जिल्ह्यातील रहिवाशांना २०० युनिट वीज मोफत मिळावी ही मागणी निवडणुकीत लावून धरली, आणि २०१९ मध्ये ते अपक्ष म्हणून चंद्रपूरचे आमदार झाले. मागणी लोकांना रुचली याचे कारण त्यात फुकटेपणाची हाव होती असे मला वाटत नाही. त्यात नुकसानभरपाईचा युक्तिवाद होता. तरीही माझे मत असे की, २०० युनिटांची सरसकट सवलत शहरातल्या वातानुकूलित घरालाही मिळेल आणि जिवतीच्या कोलाम गुड्यावर, जिथे घरात एक पंखा आणि चार दिवे आहेत, तिचा पाचवा हिस्साही वापरला जाणार नाही.

दारिद्र्यरेषेखालील घरासाठी महावितरणच्या दरपत्रकात निराळा वर्ग आहे. वर्षभरात ३६० युनिटांच्या, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिटांच्या आत वापर राहिला तर दर पुष्कळच कमी लागतो. हे ३० युनिट म्हणजे काय, ते एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला साडेपाच युनिटांच्या आत खर्च येतो. पंचाहत्तर वॅटचा जुना छताचा पंखा रोज दहा तास चालवला तर साडेबावीस युनिट जातात. बेरीज झाली अठ्ठावीस. आता त्या घरात साठ वॅटचा एक दूरदर्शन संच आला आणि संध्याकाळी तीन तास चालला, की बेरीज तेहतीसवर जाते आणि सवलतीची सीमा ओलांडली जाते. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा सत्तेचाळीस अंशांना टेकतो तेथे पंखा दहा तासांवर थांबत नाही हे तर वेगळेच. या हिशेबातून निघणारा निष्कर्ष विचित्र पण उघड आहे: २०१५ पासून स्वस्त दरात वाटलेल्या एलईडी दिव्यांनी दिव्याचा खर्च नगण्य करून टाकला, आता घरातला खरा खादाड पंखा आहे. अठ्ठावीस वॅटवर चालणारा नवा पंखा तेवढ्याच दहा तासांत महिन्याला साडेआठ युनिटांच्या आत भागवतो. तो साध्या पंख्याहून दुपटीने महाग असल्याने ज्याला त्याची गरज अधिक तोच तो घेऊ शकत नाही. बिलावर दरवर्षी सवलत देत राहण्यापेक्षा असा एक पंखा सरकारने घरात बसवून दिला, तर ती मदत दर महिन्याला आपोआप फिरून येईल.

जोडणीचा इतिहास विजेतही गॅससारखाच आहे. कुटीर ज्योतीने १९८८-८९ पासून झोपडीत एक दिवा लावला. २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली. २५ सप्टेंबर २०१७ रोजी सौभाग्य योजना जाहीर झाली, आणि तिच्यात गरीब घरांना मोफत, इतरांना ५०० रुपयांत, तेही दहा हप्त्यांनी, जोडणी देण्यात आली. जेथे तार नेणे अशक्य तेथे सूर्यपट्टी, बॅटरी, पाच दिवे, एक पंखा आणि मोबाइल भारित करण्यासाठी एक जोडबिंदू असा संच द्यायचा होता. कंत्राटदाराने पाच वर्षे दुरुस्ती पाहायची, ही अट होती. सहाव्या वर्षी बॅटरी बसली तर ती कोणी बदलायची, याचे उत्तर योजनेच्या कागदात सापडत नाही. बिल थकले की जोडणी तुटते, आणि मग थकबाकीदारांसाठी अभय योजना येतात. विलासराव देशमुख यांच्या नावाची अशीच एक योजना २०२२ मध्ये येऊन गेली. २०२४ मध्ये पूर्वभरणा वीजमीटरांची चर्चा सुरू झाली तेव्हा राज्यभर इतका क्षोभ झाला की, सर्वसामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसवणार नाही असे सरकारला जून महिन्यात जाहीर करावे लागले. त्या क्षोभाच्या मुळाशी तंत्राचे भय कमी आणि मोबाइलच्या रिचार्जचा अनुभव अधिक होता, असा माझा तर्क आहे.

कारण रिचार्ज ही या कथेतली सर्वांत नवी आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली दस्तुरी आहे. बहुतेक स्वस्त योजनांची मुदत २८ दिवसांची असते, आणि २८ ने वर्ष भागले की तेरा येतात; दुष्काळात तेरावा महिना ही म्हण ज्यांनी केली त्यांना ती एके दिवशी शब्दशः खरी होईल असे वाटले नसेल. जुलै २०२४ मध्ये प्रमुख खासगी कंपन्यांनी दर वाढवले. ज्याला केवळ बोलायचे आहे त्यालाही इंटरनेटचे पैसे मोजावे लागतात, ही तक्रार वाढली, तेव्हा २३ डिसेंबर २०२४ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने केवळ बोलणे आणि लघुसंदेश यांसाठी स्वतंत्र व्हाउचर देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि त्याची मुदत वर्षापर्यंत असू शकेल असे ठरवले. जुन्या बटणाच्या फोनवर बोलणाऱ्या आजोबांसाठी ही तरतूद मोलाची आहे. दुकानदार ती आपण होऊन सांगत नाही, कारण त्याचे कमिशन दुसऱ्या योजनेत असते.

आता फोन ही चैन आहे असे म्हणण्याचे दिवस गेले, आणि ते सरकारनेच घालवले. गॅसची नोंदणी फोनवर होते. टाकी घरी आणणारा मनुष्य फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक मागतो. अनुदान जमा झाल्याचे कळते ते फोनवर. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरील प्रणालीतूनच घेण्याचे फर्मान आहे, आणि लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीचा ओटीपीही फोनवरच येतो. म्हणजे इंधनाची मदत मिळवण्यासाठी आधी संपर्काचा खर्च करावा लागतो. ज्या महिन्यात घरात रिचार्जचे पैसे नसतात त्याच महिन्यात मदतीची गरज अधिक असते, आणि त्याच महिन्यात ती मागण्याचे साधन मुके झालेले असते. ‘टावर नाही’ हे दोन शब्द गडचिरोलीच्या आतल्या भागात ऐकू येतात तेव्हा त्यांचा अर्थ बोलणे होत नाही एवढाच नसतो. रेशनच्या दुकानातले यंत्र अडले आहे, बँकमित्राकडून पैसे निघत नाहीत आणि मजुराची हजेरी लागत नाही, हे सारे त्यात येते.

टॉवर उभारण्यासाठी सरकारने काही केले नाही असे मात्र नाही. प्रत्येक दूरसंचार कंपनीच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा सार्वत्रिक सेवेच्या निधीत जातो. २००३ च्या कायदेदुरुस्तीने त्याला १ एप्रिल २००२ पासून आधार मिळाला. त्या निधीतून २०१४ मध्ये नक्षलग्रस्त दहा राज्यांत टॉवर उभारण्यास मंजुरी मिळाली, आणि त्यांतील २,३४३ टॉवरांना फोर-जी करण्याचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत तर विजेची तार, सूर्यसंच आणि मोबाइल टॉवर एकाच छत्राखाली आले. महाराष्ट्रातील तीन अतिमागास जमातींपैकी माडिया गडचिरोलीत आणि कोलाम चंद्रपूरच्या जिवती-राजुरा भागात राहत असल्याने ही योजना या दोन जिल्ह्यांसाठी विशेष अर्थाची आहे. गडचिरोली पोलिसांनी दूरदूरच्या पोलीस ठाण्यांत उघडलेली ‘पोलीस दादालोरा खिडकी’ ही त्याच दिशेची गोष्ट. ज्या ठाण्याकडे पाहून लोक वाट बदलत तेथेच आता दाखले आणि अर्ज भरून मिळतात. पण या साऱ्या खटाटोपात एक समान सूत्र आहे: पैसा खांबाला मिळतो, टॉवरला मिळतो, शेगडीला मिळतो. खांबाखाली राहणाऱ्या घराच्या दरमहाच्या खर्चाला तो क्वचितच पोहोचतो.

अमेरिकेचे उदाहरण देताना आपल्याकडे एक तर भारावून जाण्याची किंवा नाक मुरडण्याची प्रथा आहे. येथे दोन्हींची गरज नाही. त्या देशाने १९८१ मध्ये गरीब घरांच्या उष्णतेच्या आणि विजेच्या बिलासाठी संघराज्याचे साहाय्य कायद्याने सुरू केले, आणि १९८५ मध्ये, टेलिफोनची मोठी मक्तेदारी मोडल्यानंतरच्या वर्षी, ‘लाइफलाइन’ या नावाने गरिबांच्या फोनच्या बिलात दरमहा सूट देण्यास आरंभ केला. आज ती सूट सर्वसाधारण पात्र घराला महिन्याला ९.२५ डॉलर आहे. परंतु आदिवासी भूमीवर राहणाऱ्याला ३४.२५ डॉलरपर्यंत मिळते. जेथे सेवा पोहोचवणे महाग तेथे राहणाऱ्याला मदत अधिक, हे तत्त्व त्यात उघडपणे स्वीकारले आहे. करोनाच्या काळात आलेली इंटरनेटची अधिक उदार योजना मात्र निधी संपताच २०२४ च्या जूनमध्ये बंद पडली, आणि लक्षावधी घरे एका महिन्यात पूर्ववत झाली. कायम निधीवर उभी असलेली लहान मदत टिकली आणि अर्थसंकल्पाच्या लहरीवर उभी असलेली मोठी मदत गेली. आपल्या राज्यातल्या मोफत टाक्यांच्या बाबतीत हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडे असा कायम निधी निदान संपर्कासाठी तरी उपलब्ध आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुन्या सार्वत्रिक सेवा निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ केले, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नियमांत स्त्रिया, दिव्यांग आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना दूरसंचार सेवा मिळवून देणाऱ्या योजनांनाही या निधीतून साहाय्य करता येईल, असे म्हटले आहे. म्हणजे निधी केवळ टॉवरावरच खर्च झाला पाहिजे, ही अडचण आता कायद्याची राहिलेली नाही. माडिया आणि कोलाम कुटुंबांच्या, किंवा उज्ज्वलेत नाव असलेल्या प्रत्येक घराच्या, एका फोनला वर्षभराचे बोलणे आणि लघुसंदेश देणारे व्हाउचर या निधीतून भरता येण्याजोगे आहे. लाभार्थींच्या याद्या तयार आहेत, आधारशी जोडलेल्या आहेत, आणि पीएम-जनमनच्या पाहणीत घरोघर जाऊन पडताळलेल्या आहेत. असा प्रस्ताव आदिवासी विकास विभागाने मांडायचा की दूरसंचार विभागाने, एवढेच ठरायचे आहे. आणि दोन खात्यांपैकी कोणीच पुढे आले नाही, तर कोरची किंवा धानोऱ्याच्या ग्रामसभांनी तेंदू-बांबूचे लिलाव स्वतः करून जो सराव केला आहे, त्याच्या बळावर तसा ठराव करून तो मुंबईला आणि दिल्लीला पाठवण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.